मदत हवी आहे : मुलाचं गोंड्यांचं बनियन – शिवू कसं आणि धुऊ कसं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याला राहते, घरी ब्लाऊज-ड्रेस शिवते. पंचवीस वर्षं मशीनवर बसतेय, पण गेले दोन महिने एका बनियनने मला रडवलंय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आमच्या घरातले पुरुष तल्लीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, सिनेगॉगमध्ये पांघरायचे आणि घडी घालून पिशवीत ठेवायचे. आजी त्या शालीलाही सिसीत म्हणायची आणि गोंड्यांनाही सिसीतच. रोज शर्टाच्या आत गोंड्यांचं वस्त्र घालणारं घरात कोणी नव्हतं. धाकटा गेल्या वर्षी इस्राएलला मावशीकडे दोन महिने राहून आला, तेव्हापासून रोज घालतो. तल्लीत कातान, म्हणजे छोटी तल्लीत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मध्ये डोक्यापुरतं भोक असलेलं लांबट कापड, पुढे-मागे लोंबणारं, बाजू उघड्या. चार कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यात लोकरीचे चार दोरे ओवून, दुमडून, आठ टोकांचा गोंडा. आज्ञा तोराहमध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, गणना या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात आहे, आणि अनुवाद या पुस्तकात 22:12 मध्ये पुन्हा.

तिकडून आणलेल्या तीनपैकी दोन पॉलिएस्टरच्या जाळीच्या. ठाणे ते दादर लोकलमध्ये पावसाळ्यात ते घालून बघा! शिवाय तिथल्या रब्बींनी त्याला सांगितलंय की सुती घाल. तिसरं सुती, पण पोपलीनचं, शर्टाच्या आत बोळा होऊन पोटाशी जमतं. म्हणून म्हटलं मीच शिवते.

पहिला प्रयोग: नवऱ्याचं नवं होजिअरी बनियन घेतलं. टेबलावर सपाट पसरून गोंडे बांधायला सोपं जाईल म्हणून आधी कोपऱ्यांच्या जागी काजं केली, मुलाने दीड तास बसून चारही गोंडे बांधले (आमच्याकडे 10-5-6-5 असे वेढे, मधे दुहेरी गाठी), आणि मग मी बाजू उसवल्या. हझ्झानकाकांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणवणाऱ्या काकांना, दाखवलं तर ते हसायलाच लागले. बाजू शिवलेल्या होत्या तोवर ते चार कोपऱ्यांचं वस्त्रच नव्हतं, मग गोंडे कशाला बांधलेत? वस्त्र आधी चौकोपरी झालं पाहिजे, गोंडा नंतर. आधीच बांधून ठेवलेला गोंडा मागाहून लागू होत नाही. सगळे सोडा, पुन्हा बांधा. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसरा प्रयोग: या वेळी बाजू आधी उघडल्या. पण होजिअरीच्या कापलेल्या कडा गुंडाळल्या गेल्या, कोपरे सुरळीसारखे वळले आणि काज ताणून ताणून खाली सरकलं. तेही चालत नाही. भोक कडेपासून अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा जवळ नको आणि तीन अंगठ्यांपेक्षा लांब नको.

तिसऱ्याची गोष्ट लिहायची लाज वाटते. पांढरं बनियन पिवळं पडलं म्हणून रात्री ब्लीचच्या पाण्यात भिजत घातलं. सकाळी बनियन लख्ख. गोंडे नाहीत. म्हणजे होते, पण हात लावला की तुटत होते, आणि दोन टोकं तर विरघळूनच गेलेली.

तर प्रश्न असे. कोपरा ताठ राहील पण अंगाला टोचणार नाही असं काय करू? बाजूची चीर किती ठेवू? आणि हे मशीनमध्ये धुवायचं कसं? आत्ता धुतल्यावर गोंडे बाहेर येतात ते पायजम्याच्या नाडीला विळखा घालूनच. आठवड्याला किमान चार लागतात, कारण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शनिवारी रात्रीपर्यंत मशीन बंद, आणि पावसात वाळायला दोन दिवस.

क्रोशाचा दोरा वापरा असं कृपया सुचवू नका. दोरा याच कामासाठी, हा हेतू मनात धरून कातलेला लागतो. तो पाकिटातच येतो.

— सुईदोरा

बॉबिन: ताई, सिंगल जर्सी होजिअरीची कड गुंडाळणारच, तो तिचा स्वभाव आहे. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी इंटरलॉक होजिअरी मागा, ती वळत नाही. किंमत थोडी जास्त, जाडीही थोडी जास्त. आणि कोपऱ्याला आतून विणलेल्या सुती कापडाचा चौकोनी तुकडा लावा, साधारण आठ बाय आठ सेंटीमीटर, काज त्या दोन्ही थरांतून काढा. बकरम नको, धुऊन धुऊन फुगतो. मेटलचं आयलेटही नको, घामाने गंजाचे डाग पडतील.

गोमू: विषयाशी थेट संबंध नाही, पण जानवं घालणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नाही, कारण ते अंगाबरोबरच धुतलं जातं :)

सुईदोरा: गोमू, हे अंगावर ठेवून आंघोळ केली तर तुमच्यासारखेच प्रश्न सुटतील, पण टॉवेल मलाच वाळवावा लागेल. बॉबिन, तुकड्याची कल्पना आवडली. पण वेगळं कापड कोपऱ्याला चालतं का?

अश्दोदची_लेक: चालतं. याची चर्चा तर तल्मूदच्या, म्हणजे आमच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथाच्या, काळापासून आहे, तीही चामड्याबद्दल! कापडी वस्त्राला चामड्याचे कोपरे लावले तर गोंडे लागतात. चामड्याच्या वस्त्राला कापडी कोपरे लावले तर नाही. मुख्य वस्त्र कशाचं ते बघायचं. तुमचं तर सुतीला सुतीच. फक्त लिननचा तुकडा किंवा लिननचा शिवणदोरा चुकूनही वापरू नका. लोकर आणि लिनन एकत्र आले की शातनेझ होतं, ते निषिद्ध.

पॉलिएस्टरबद्दल तुमच्या मुलाला जे सांगितलं त्याला आधार आहे. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांचं मत होतं की कृत्रिम धाग्याच्या कापडाला ही आज्ञा लागूच होत नाही. म्हणजे घातलं तरी घातल्यासारखं नाही. उलट बाजूने, शुल्हान आरूख या आमच्या धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे तोराहची आज्ञा लोकर आणि लिननलाच लागते, बाकी कापडांना ऋषींनी, म्हणजे आमच्या हाखामींनी लावलेली. म्हणून इथे इस्राएलमध्ये बरेच सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांची परंपरा पाळणारे, लोक लोकरीचंच घालतात. पण मुंबईच्या मे महिन्यात लोकरीचं बनियन घालायला तुमच्या मुलाला कोणी सांगणार नाही, मीही नाही!

आणि एक: कोपरा गोल करू नका हां. माझ्या सासूबाईंनी इथल्या एका शिंप्याकडे दिलेलं, त्याने सवयीने शर्टाच्या घेरासारखा छान गोल काढून दिला. गोल म्हणजे कोपराच नाही. सगळं परत.

सुईदोरा: अगं बाई! मी कालच विचार करत होते की गोल केला तर वळणार नाही.

चीर_कुठवर: बाजूच्या चिरेबद्दल माझाही एक कुतूहलाचा प्रश्न. मग आपला कुर्ताही चार कोपऱ्यांचाच की! त्याला का नाही गोंडे?

अश्दोदची_लेक: चांगला प्रश्न. बाजू अर्ध्याहून जास्त उघडी असेल तर ते चौकोपरी धरतात. कुर्त्याची चीर साधारण कमरेखाली असते, म्हणजे बाजू बहुतेक शिवलेलीच. सुटला. तुमच्या बनियनला मात्र उलट हिशोब: वर थोडं शिवा म्हणजे अंगावरून सरकणार नाही, पण शिवलेलं अर्ध्यापेक्षा कमी. मोजताना काखेच्या खालून मोजा, बाहीचं भोक उघड्या भागात धरू नका, म्हणजे शंकाच नको. आणि काठावर जाऊ नका. होजिअरी ताणते, धुतल्यावर आखूड होते, उद्या अर्धं ओलांडलं तर काय घ्या.

बॉबिन: चिरेच्या वरच्या टोकाला बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची छोटी पक्की टीप, मारा, नाहीतर टीप उसवत वर जाईल. आणि कापड कापण्याआधी एकदा धुऊन घ्या, आटायचं ते आधीच आटू दे.

रंगपेटी: मी कापड-रसायनात काम केलंय, म्हणून ब्लीचबद्दल. लोकर म्हणजे केसच. घरच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, ते सुताला पांढरं करतं आणि केसाला खातं. मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढायला लोक तेच ओततात ना! त्यामुळे गोंड्यांचं बनियन आणि ब्लीच यांची गाठ कधीच नको. पिवळेपणाला ऑक्सिजनवाली पावडरही जपून, कारण बऱ्याच पावडरी अल्कधर्मी असतात आणि लोकरीला ते मानवत नाही. स्वेटरचा सौम्य द्रव साबण, गार पाणी, कमी स्पिन. गरम पाणी आणि घुसळण एकत्र आली की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि दोरे घट्ट नमदा होऊन बसतात, मग सुटत नाहीत.

सुती दोरे मिळत नाहीत का? कटकटच मिटेल.

अश्दोदची_लेक: मिळतात, आणि सुती वस्त्राला सुती दोरे चालतात. पण लोकरीचे दोरे कोणत्याही कापडाला चालतात, म्हणून बहुतेक जण तेच घेतात. लिननचा अपवाद, ते वर आलंच. दोऱ्यांच्या टोकांना गाठ मारलीत का? नाही मारली तर पीळ सुटत वर जातो, आणि पीळ सुटलेला भाग दोऱ्यात धरत नाहीत.

दादरची_शिवणकाकू: मी यहुदी नाही, पण आमच्या वरच्या मजल्यावर पारशी कुटुंब होतं, त्यांचे सदरे मी शिवलेत. पांढरी मलमल, रोज अंगात, रोज धुणं. आणि वर कस्ती, म्हणजे कमरेला बांधायचा पवित्र दोरा, लोकरीची, 72 धाग्यांची! तिथे बरं होतं, कस्ती सोडून वेगळी ठेवता येते. तुमचं तसं नाही. पण मलमलीचा विचार करा. दुहेरी मलमल घेतली तर होजिअरीपेक्षा लवकर वाळते आणि कड अजिबात वळत नाही.

आणि गुंत्यावर उपाय: प्रत्येक कोपऱ्याच्या आत छोटा चोरखिसा, वर टिचबटण. धुवायला टाकताना गोंडा खिशात, बटण बंद. नाहीतर सरळ ब्रा धुवायची जाळीची पिशवी.

सुईदोरा: काकू, चोरखिसा! हे मला सुचायला हवं होतं. हझ्झानकाकांना विचारून सांगते.

— — —

सुईदोरा (तीन आठवड्यांनी): आभार सगळ्यांचे. झालं ते सांगते.

पाठ आणि पोट दुहेरी मलमल, खांद्याला होजिअरीची पट्टी, म्हणजे अंगावर बसतं. काखेखाली बाजू 40 सेंटीमीटर, त्यातली वरची 14 शिवली, 26 उघडी. कोपरे काटकोनात, आतून पोपलीनचा तुकडा, दोन थरांतून काज. मलमल आधी दोनदा धुऊन घेतली. गोंडे शेवटी, सगळं इस्त्री करून झाल्यावर. जुन्या दोन बनियनांचे दोरे सोडून नव्यावर बांधले. एका वस्त्रावरचे सोडून दुसऱ्यावर बांधायला हरकत नाही हे काकांनीच सांगितलं, नाहीतर पाकिटामागून पाकिटं मागवावी लागली असती. ब्लीचने खाल्लेले मात्र गेले. त्यातला एक धड तुकडा मुलाने सिद्दूरमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकात, खूण म्हणून ठेवलाय, मला चिडवायला.

चोरखिशाला काकांनी होकार दिला, पण म्हणाले खिसा फक्त धुण्यापुरता, अंगावर असताना गोंडा आत कोंडायचा नाही. आज्ञेतच आहे की गोंडे नजरेस पडावेत म्हणून.

आठ धुण्यांमध्ये एकदाच गुंता झाला. कारण चिरंजीव बटण लावायला विसरले आणि गोंडा माझ्या परकराच्या नाडीत अडकला. ती गाठ कात्री न लावता सोडवायला मला पाऊण तास लागला. आता त्याचं बनियन तोच धुतो, बादलीत, हाताने. मी फक्त शिवते.

दुहेरी मलमल ठाण्यात अर्धा मीटर कोणी देईल का? सगळे पूर्ण ताकाच घ्या म्हणतात. चौथं शिवायचंय.