पेट्रा अर्ध्या दिवसात उरकत नाही हो

वर कुणीतरी लिहिलंय की मुलं बरोबर असतील तर जॉर्डनमधलं पेट्रा हे कातळात कोरलेलं प्राचीन शहर अर्ध्या दिवसात उरकायचं, खजना या तिथल्या प्रसिद्ध कोरीव वास्तूपाशी फोटो काढले की झालं. अजिबात पटलं नाही. आमची सात वर्षांची लेक तर खजनापेक्षा तिथपर्यंत नेणाऱ्या सिकमध्येच जास्त रमली, सव्वा किलोमीटरची ती अरुंद घळ पार करायला आम्हाला दीड तास लागला कारण बाईसाहेब भिंतीत कोरलेल्या पन्हळीवर बोट फिरवत चालल्या होत्या. ती पन्हळ म्हणजे नबाती लोकांनी, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या प्राचीन अरब लोकांनी, गावात पाणी न्यायला केलेली सोय, दुसऱ्या बाजूला मातीच्या नळांचे तुकडेही दिसतात.

आणि एक गोष्ट इथे कुणी लिहिलीच नाही, ती म्हणजे पूर. वाळवंटात कसला पूर असं आम्हीही म्हणालो होतो, पण १९६३ मध्ये याच घळीत अचानक लोंढा येऊन वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक गेले. नबात्यांनी तोंडाशीच बंधारा आणि पाणी वळवायला कातळातून बोगदा केला होता, नंतर पुन्हा तिथेच बंधारा बांधावा लागला. आत शिरण्याआधी उजवीकडे तो बोगदा दिसतो, बहुतेक लोक बघतही नाहीत. हिवाळ्यात जाणार असाल तर हवामान बघूनच जा, आकाश भरलेलं दिसलं तर त्या दिवशी मुलांना घेऊन सिकमध्ये शिरू नका.