चाळिशीनंतर पहाटे उठायला शिकता येतं का? माझं मत: येतं

लेटलतीफ (धागाकर्ता):
वय ४२. आजवर साडेआठच्या आधी डोळा उघडला नव्हता, नरकचतुर्दशीला आई हाताला धरून कारीट फोडायला न्यायची तेव्हा मी उभ्या उभ्या झोपायचो. आता दोन महिने झाले, सव्वापाचला उठतोय, रविवार धरून. आधी तीनदा फसलो कारण दर वेळी अलार्मपासून सुरुवात केली, साडेआठवरून डायरेक्ट पाच, चौथ्या दिवशी मीटिंगमध्ये पेंगलो की पुन्हा गाडी मूळ पदावर. या वेळी दर चार दिवसांनी फक्त पंधरा मिनिटं अलीकडे आलो, त्यातच त्याआधीचे जवळपास दोन महिने गेले. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठला आणलं (मालिका बघत जेवायचं हा आमच्या घरचा जुना रोग), दुपारी तीननंतर चहा बंद, आणि उजाडलं की मोबाईल घरात ठेवून गच्चीवर. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीरातलं घड्याळ अलीकडे सरकतं आणि रात्रीच्या उजेडाने ते लांबतं, एवढी साधी गोष्ट कळायला बेचाळीस वर्षं लागली. तर मुद्दा असा की "मी नाईट पर्सन आहे" हे निम्मं थोतांड असतं. मांडा आपापली मतं.

निशाचर:
साफ असहमत. शरीरातलं घड्याळ थोतांड असतं तर त्यावर २०१७ चं नोबेल कशाला दिलं असतं? हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांनी फळमाशीतल्या जीनवरून दाखवलं की ही यंत्रणा पेशीच्या आत चालते. कुणाचं घड्याळ पुढे कुणाचं मागे, त्यात आनुवंशिकता बरीच असते. तुमचं मुळात जेवणामुळे बिघडलेलं होतं, ते जागेवर आलं, अभिनंदन, पण म्हणून सगळे आळशी होत नाहीत. मी रात्री अकरा ते दोन जे काम करतो ते सकाळी मला बांधून बसवलं तरी होणार नाही. आणि आपल्याकडे उलटंच चालतं बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका सांगितलं, चांगलं केलं, रिक्षात पेंगणारी पोरं बघवत नव्हती. पण वयात आल्यावर ज्यांची झोप खरोखर उशिरा सरकते त्या अकरावी-बारावीवाल्यांना मात्र सातचं कॉलेज! आणि वर आपण म्हणणार पोरं आळशी झाली.

लेटलतीफ:
मी "निम्मं" म्हटलंय हो, अख्खं नाही.

पंचांगवाला:
मला वाद घालायचा नाही पण हे पाच कुठून आले ते सांगा. ब्राह्ममुहूर्त म्हणत असाल तर मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं आणि ब्राह्ममुहूर्त लागतो सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे ९६ मिनिटं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, त्यामुळे तो लागतो पाच-चाळीसच्या सुमारास. जूनमध्ये सूर्योदय सहाला, म्हणजे साडेचारच्याही आधी. आयुर्वेदवाल्या वाग्भटांच्या ब्राह्ममुहूर्ताच्या श्लोकात घड्याळाचे पाच कुठेच नाहीत, उलट "स्वस्थ" माणसाने उठावं असं आहे, नेमका तो शब्द व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्ये गळतो. शिवाय आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, मुंबई सूर्याच्या हिशेबाने त्याच्या ३९ मिनिटं मागे. म्हणजे मुंबईत पाचला उठलात तर खरे वाजलेत चार-एकवीस. नागपूरकराला तेच पाच पंचवीस मिनिटांनी स्वस्त पडतात.

निशाचर:
हे भारी आहे, म्हणजे मी आळशी नाही, माझं फक्त रेखांश चुकलंय 😄

रानातला:
तुमचं चालू द्या पण आमच्याकडं उठायची वेळ लाईट ठरवती. मोटरची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की बाराला मोटर चालू करायची न बॅटरी घेऊन उसाला दारं धरायची म्हंजे सरीसरीनं पाणी द्यायचं, पायात गमबूट, कुठं काय वळवळलं तर बघायचं, पहाटं चारला येऊन पडायचं. मग सातला कुणी दारावरून जाताना म्हणतो अजून झोपलाय व्हय. दर चार दिवसाला पंधरा मिनिटं ठीक आहे पण पुढच्या सोमवारी अख्खं घड्याळच उलटं होतं त्याचं काय करायचं?

लेटलतीफ:
दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझं सगळं गणित रोजची वेळ एक राहते यावरच उभं आहे.

नळाची_वेळ:
सगळे प्रतिसाद वाचले आणि हसू आलं. आमच्या बिल्डिंगला पाणी येतं ४:५० ला आणि जातं ५:४० ला. गेली अकरा वर्षं मी त्या वेळेला उठते, पिंप भरते, तोपर्यंत कणीक भिजवून होते, साडेसहाला दोन डबे तयार असतात. मला कुणी कधी विचारलं नाही की ताई हे कसं जमवलं, कुठल्या पद्धतीने केलं. पुरुष उठला की ते शिकणं आणि त्यावर धागा, बाई उठली की ते घरकाम. आणि रात्री साडेआठ वाजता पडायला मिळावं असं मलाही वाटतं, पण तेव्हा मुलाचा अभ्यास असतो. लेटलतीफ, एकच प्रश्न, तुम्ही सव्वापाचला उठता तेव्हा घरात अजून कोण उठतं?

निशाचर:
+१. आता द्या उत्तर.

लेटलतीफ:
मी एकटाच उठतो, चहापण माझा मीच करतो, असं इथे लिहिणार होतो. पोस्ट करायच्या आधी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली मांडणीतून तू पातेलं ओढतोस तेव्हा वरची झाकणं पडतात, दोन महिने मी रोज साडेपाचपासून जागी आहे, पूर्वी साडेसहाला उठायचे. एवढे दिवस बोलली का नाहीस विचारलं तर म्हणे, तू इतका खूश होतास.
आत्ता पातेलं, गाळणं, साखरेचा डबा सगळं ओट्यावर काढून ठेवलंय. लायटर राहिला होता, तो पण ठेवला.

नळाची_वेळ:
लायटर टकटक वाजतो. काडेपेटी ठेवा.