सुरकुत्या घालवणाऱ्यांना भित्रे ठरवण्याआधी

मध्यान्ह (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात 'साधासरळ' यांनी येथे एक लेख लिहिला. चेहऱ्यावर सुई किंवा सुरी चालवून घेणारी प्रत्येक व्यक्ती मरणाला भिते, तिला स्वतःविषयी आदर नसतो आणि डॉक्टर मंडळी त्या भीतीवर आपला गल्ला भरतात, असा त्याचा आशय होता. त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. उपदेशाचे मला फारसे काही वाटले नाही, तो मी आयुष्यभर ऐकत आले आहे. खटकले ते हे, की लेखकाने बोटॉक्स, फिलर, लेझर, पील (रसायनाने कातडीचा वरचा थर सोलणे) आणि फेसलिफ्ट (सैल कातडी उचलण्याची शस्त्रक्रिया) हे सगळे एकाच पोत्यात कोंबले आणि मग त्या पोत्याला झोडपून काढले.

चेहरा काही एकाच थरात म्हातारा होत नाही. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरच्या जबड्याचे हाड मागे सरते, चरबीचे कप्पे कोठे आटतात तर कोठे खाली घसरतात, त्यांना धरून ठेवणारे बंध सैलावतात, आणि या सगळ्याच्या वर असलेल्या कातडीतील कोलॅजन, म्हणजे तिला घट्टपणा देणारे प्रथिन, घटत जाते, जे स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत विशेष वेगाने घडते. बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश अडवते, त्यामुळे भुवयांमधील उभ्या रेघा तीन-चार महिने विरतात. लोंबणाऱ्या गालावर त्याचा काही उपयोग नाही. फिलर पोकळी भरतो, पण सैल पडलेले वर उचलून धरत नाही. फेसलिफ्टने जबड्याची आणि मानेची रेषा सुधारते, पण ओठांभोवतीच्या बारीक रेषा जागच्या जागी राहतात. त्या पील किंवा लेझरच्या वाट्याच्या.

'साधासरळ' ज्या ओढून ताणलेल्या चेहऱ्यांची टर उडवतात, ते बहुधा केवळ कातडी खेचल्यामुळे तसे झालेले असतात. मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी १९७६ मध्ये कातडीखालच्या स्नायू-आवरणाच्या थराचे वर्णन केले, आणि त्यानंतर भार कातडीऐवजी त्या थरावर टाकण्याची पद्धत रूढ झाली.

राहिला भित्रेपणा. सुझान नोएल ही फ्रेंच शल्यविशारद विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया करीत असे. ती स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी झगडणारी बाई होती, आणि सुरकुत्यांमुळे नोकरी गमावण्याची पाळी आलेल्या स्त्रिया तिच्याकडे येत. त्यांना भित्र्या म्हणायचे काय? कोणता उपचार, कोणत्या थरासाठी आणि कोणता धोका पत्करून, एवढे विचारल्याशिवाय कोणाच्या आत्मसन्मानाचे मोजमाप करू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

साधासरळ

शरीररचनेच्या या विनामूल्य वर्गाबद्दल आभारी आहे. पोते सोडून पाचही वस्तू आपण वेगवेगळ्या मांडल्यात, पण त्या विकत का घेतल्या जातात, या प्रश्नाला हात लावला नाहीत. नोएलबाईंचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. सुरकुत्या पाहून कामावरून काढणारा मालक जसाच्या तसा राहिला आणि बाईच्या कानापुढे टाके पडले. आज एकीने चेहरा गुळगुळीत करून घेतला की उद्या तिच्याच वयाची दुसरी, जिने काहीही केलेले नाही, ती 'थकलेली' दिसू लागते. ज्याला आपण वैयक्तिक निवड म्हणता, तिची किंमत न निवडणाऱ्यांकडून वसूल होते. शिवाय तीन-चार महिन्यांनी ओसरणारे औषध म्हणजे जन्मभराचे गिऱ्हाईक. याला मी गल्ला म्हटले, तर माझे काय चुकले?

उन्हातली_सावली

दोन्ही पक्ष पाया सोडून कळसाविषयी भांडत आहेत. सुरकुत्या, डाग आणि कातडीचा जाडेभरडेपणा यांचा मोठा हिस्सा उन्हाचा असतो, आणि तो अडवता येतो. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. २८ वर्षे खिडकीच्या काचेतून येणारे ऊन झेललेली चेहऱ्याची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती, कारण उन्हातील अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण काच बहुतांशी अडवते, पण यूव्हीए किरणांचा मोठा भाग आत सोडते. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ९०३ जणांवर साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळले. सुईचा विचार पन्नाशीत करणाऱ्यांनी विशीत नळी का उघडली नाही, हा खरा प्रश्न आहे.

शंकेखोर

विषय कोणताही असो, 'उन्हातली_सावली' यांचा प्रतिसाद सनस्क्रीनवरच येऊन थांबतो. एका ट्रकचालकाचे छायाचित्र हे उदाहरण आहे, पुरावा नव्हे. नॅम्बोरच्या चाचणीविषयी आपण जे सांगितले नाही ते मी सांगतो: तेथे चेहरा मोजलाच नव्हता. हाताच्या पाठीवरील त्वचेचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्यांची तुलना केली होती. हाताच्या पाठीवरून जबड्याचे हाड किंवा गालांतील चरबी यांविषयी काय कळणार?

मला चीड येण्याचे कारण वैयक्तिक आहे. माझा वर्ण सावळा आहे. गालांवरच्या जुन्या खड्ड्यांसाठी मी लेझर घेतले, तेव्हा आमच्यासारख्या त्वचेत भाजल्यानंतर काळे डाग उमटण्याची शक्यता अधिक असते, हे मला त्या दवाखान्यात कोणीही सांगितले नाही. खड्डे थोडे भरले आणि त्यांच्याभोवती काळी वर्तुळे उमटली. नंतर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाने समजावले, की असे डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात आणि साधे सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी लोहाची संयुगे असलेले रंगीत सनस्क्रीन लागते. तोवर मी बिनरंगी नळ्या निष्ठेने रिकाम्या करीत होतो.

उन्हातली_सावली

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटते, पण त्याचा राग माझ्यावर काढू नये. ठसे हातांचे होते, हे खरे. हात आणि चेहरा दोन्ही उघडे असतात आणि प्रश्न त्वचेचा होता. हाडाचा दावा मी केला कुठे? त्याच चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही तपासल्या होत्या आणि त्यांचा एकंदरीत परिणाम दिसला नाही, हेही सांगून टाकते, म्हणजे गोळ्या गिळून चेहरा उजळवू पाहणारी मंडळी तरी शांत होतील. आणि मलमे म्हणजे फसवणूक, असे कोणी म्हणण्यापूर्वी ट्रेटिनॉइन हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले लावायचे औषध आठवावे. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम होतो, हे १९८६ पासूनच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्याला महिनोन्‌महिने लागतात, सुरुवातीला कातडी सोलवटते आणि गरोदरपणात ते वापरायचे नसते. पण ते काम करते. कोलॅजनच्या मलमांचा रेणू मात्र त्वचेत शिरण्याइतका लहानच नसतो.

शंकेखोर

म्हणजे पुन्हा नळीच. हाडाविषयी आपण काही म्हटले नव्हते, हे मान्य. पण मग मूळ धागा ज्याविषयी आहे, त्याविषयीही आपण काही म्हटलेले नाही.

टाका_दोरा

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. 'मध्यान्ह' यांनी थर नेमके सांगितले, पण 'कोणता धोका पत्करून' हे शब्द लिहून त्या पुढे निघून गेल्या.

फेसलिफ्टनंतर सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साकळणे. ते बहुधा पहिल्या २४ तासांत होते, पुरुषांत अधिक होते, आणि रक्तदाब चढला की धोका वाढतो. सर्वाधिक दुखावली जाते ती कानाच्या पाळीला संवेदना देणारी नस. तिला इजा झाली तर पाळी बधिर राहते. चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या दुखावल्या, तर भुवई उचलत नाही किंवा खालचा ओठ वाकडा होतो. हे क्वचित घडते आणि पुष्कळदा काही महिन्यांत सुधारते, नेहमीच नाही. धूम्रपान करणाऱ्याची उचललेली कातडी रक्तपुरवठ्याअभावी मरू शकते. एका गृहस्थांनी सिगारेट सोडल्याचे शपथेवर सांगितले होते. कानामागची कातडी काळी पडू लागल्यावर त्यांच्या पत्नीने खरे सांगितले. त्या जखमेची मलमपट्टी मी केली आहे, तेव्हा 'नैसर्गिक दिसणारे फेसलिफ्ट' अशा जाहिराती वाचून मला हसू येत नाही.

मात्र मला सर्वाधिक भीती वाटते ती शस्त्रक्रियेची नव्हे, तर जिला लोक 'नुसती सुई' म्हणतात तिची. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर पुढची त्वचा पांढरी पडते आणि मरते. भुवयांमधील भाग, नाक आणि कपाळ येथून तो डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचला, तर दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर विरघळवणारे हायल्युरॉनिडेझ हाताशी असले पाहिजे. माझ्या नात्यातील एका मुलीने मैत्रिणीच्या घरी जमून ओठ भरून घेतले. ओठाचा कोपरा पांढरा पडला, तेव्हा सुई टोचणाऱ्या बाईने बर्फ लावायला सांगितले. मुलगी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे वेळेत पोहोचली म्हणून निभावले. आता तत्त्वज्ञान चालू द्या.

चष्मिष्ट

'साधासरळ' यांना एकच विचारायचे आहे. माझे वडील आयुष्यभर आरशासमोर उभे राहणाऱ्यांची थट्टा करीत आले. सत्तरीनंतर त्यांच्या वरच्या पापण्यांची कातडी इतकी लोंबली, की वाचताना एका हाताने पुस्तक आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी धरावी लागे. जास्तीची कातडी काढून टाकल्यावर त्यांना बाजूचे आणि वरचे दिसू लागले. ते दहा वर्षांनी तरुणही दिसू लागले आणि त्यांना ते आवडले, हेही लपवत नाही. हे डोळ्यांचे ऑपरेशन की मरणाची भीती?

उपचार आणि मिरवणे यांतील रेघ आपण समजता तितकी ठळक नाही. बोटॉक्सला अमेरिकेत १९८९ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे पापण्यांसाठी ते घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधील आठ्या पुसल्या जात असल्याचे दिसले. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ, तेव्हा पुढचे ओघाने आले. भुवयांमधील रेघांसाठीची मान्यता २००२ ची. कुपी तीच होती.

साधासरळ

पापणीपुरते सोडून देतो, कारण तेथे दृष्टीचा प्रश्न आहे. वडिलांना माझा नमस्कार सांगा. मात्र एका पापणीच्या आडून सगळा चेहरा आत आणण्याचा प्रयत्न करू नका. 'टाका_दोरा' यांचा प्रतिसाद हा माझ्या लेखापेक्षा चांगला लेख आहे आणि त्यांनी तो माझ्या बाजूने लिहिला आहे, त्यांना हे मान्य नसले तरी. आणि 'मध्यान्ह', इतक्या आवेशाने बाजू मांडणाऱ्या व्यक्तीने आपण स्वतः काय करून घेतले आहे हे सांगू नये, याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत.

मध्यान्ह

माझ्या चेहऱ्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला ठाऊक नाही, पण हवा असेल तर घ्या. मी भुवयांमधील रेघांसाठी बोटॉक्स घेते. माझ्या आईला होत्या तशाच खोल रेघा मला आहेत, आणि कामाच्या प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी मला 'रागावलात का?' असे विचारी. मी रागावलेली नसे. विचारल्यावर मात्र रागवत असे. आता कोणी विचारत नाही. मरणाचा विचार मी त्या वेळीही करीत नव्हते.

जन्मभराच्या गिऱ्हाइकीविषयी: औषध थांबवले की स्नायू पूर्ववत हलू लागतो आणि चेहरा जेथे असता तेथे परत येतो, त्याहून वाईट होत नाही. हे बंधन असेल, तर चष्माही बंधनच आहे. फिलरच्या बाबतीत मात्र मी इतकी ठाम नाही. 'वर्षभरात विरघळतो' असे सर्रास सांगितले जाते आणि एमआरआयमध्ये तो कित्येक वर्षांनीही सापडल्याच्या नोंदी आहेत. त्यात भरणावर भरण झाले, की चेहरा फुगलेला दिसतो. ही टीका आपण केली असती, तर मी टाळी दिली असती. आपण आत्मसन्मानावर घसरलात.

'टाका_दोरा', आपला आक्षेप योग्य जागी लागला आहे. गालांच्या शस्त्रक्रियेचा विचार माझ्या मनात होता, तो तूर्त तेथेच राहू दे.

टाका_दोरा

मी नको म्हटलेले नाही. कोणत्या थरावर काम करणार, रक्त साकळले तर रात्री कोण येणार आणि भूल कोण देणार, हे तीन प्रश्न विचारा. पहिल्याच भेटीत तारीख देणाऱ्याकडे जाऊ नका.

साधासरळ

आपला निर्णय आपल्याला लखलाभ. परंतु त्या बैठकींत 'रागावलात का?' असे विचारणाऱ्यांपैकी एकालाही सुई टोचून घ्यावी लागली नाही, याची नोंद असावी. माझा लेख त्याच विषयावर होता.

मध्यान्ह

नव्हता. आपल्या लेखात त्या लोकांविषयी एक ओळही नाही. सगळी वाक्ये माझ्यासारख्यांविषयी आहेत. त्यांच्याविषयी लिहा, मी पहिली सही करीन. ते सुधारेपर्यंत आठ्या घालून वाट पाहण्याची माझी तयारी नाही.

शंकेखोर

'उन्हातली_सावली', लोहाच्या संयुगांविषयी आपण अजून काहीच लिहिलेले नाही.

उन्हातली_सावली

त्यासाठी वेगळा धागा काढते. तेथे या, पण दृश्य प्रकाशाबद्दल आपल्या त्वचारोगतज्ज्ञाने जे सांगितले ते आधी नीट विचारून घ्या, म्हणजे पुन्हा हाताच्या पाठीवर येऊन अडणार नाही.