शब्दचर्चा : सर्व्हरच्या नोंदी ‘तपासायच्या’ की ‘पाहायच्या’?

शहापूर, बेळगाव
आमच्याकडं नव्या मुलांसाठी शेफ (एका जागेवरून अनेक सर्व्हरची मांडणी सांभाळायचं सॉफ्टवेअर) वापरायची मराठी टिपणं करायचं चाललंय. मुलं बेळगाव, खानापूर, निपाणीकडची. शिक्षण इंग्रजीत झालं तरी एकमेकांत सगळं मराठीच. ‘नाइफ’ ही शेफची कमांड. ‘नाइफ रोल शो’ लिहून पुढं रोलचं, म्हणजे मशीनला नेमून द्यायच्या कामाच्या साच्याचं, नाव दिलं की त्या रोलचं डेफिनिशन स्क्रीनवर येतं. मसुद्यात एकानं लिहिलंय, ‘सर्व्हरच्या व्याख्येची तपासणी करा.’ ते वाचून एक मुलगी म्हणाली, तपासणी झाली म्हणजे सर्व्हर ठीक आहे असं धरायचं काय? गाडी तिथंच अडलीय. ‘इन्स्पेक्ट’ आणि ‘डेफिनिशन’ला तुम्ही लोक काय म्हणता?

निपाणी
व्याख्या आधी काढा. व्याख्या त्रिकोणाची असते. रोलमध्ये असतं काय? नाव, एखाद्या ओळीचं वर्णन, डिफॉल्ट (मूळची) आणि ओव्हरराइड (मूळच्यावर मात करणारी) अशी दोन तऱ्हांची अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे सेटिंगं, आणि रन-लिस्ट, म्हणजे कुठल्या रेसिपी (मशीनवर करायच्या कामांच्या कृती) कुठल्या क्रमानं चालवायच्या ते. ही लिहून ठेवलेली नोंद झाली. ‘वेब रोलची नोंद’ म्हटलं की कुणालाही कळतं.

तपासणीबद्दल त्या मुलीचं बरोबर आहे. डॉक्टर तपासतो, मास्तर वह्या तपासतात. शेवटी बरं-वाईट काहीतरी सांगतात. नाइफ काही सांगत नाही, असेल ते पुढ्यात ठेवतो.

खानापूर
शब्द आपल्या घरातच पडलाय : पहाणी. कर्नाटकात आरटीसीच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्याला आपण पहाणीच म्हणतो. ‘पहाणी काढून आण’ म्हटलं तर कुणी शेताकडं जात नाही, कागद आणायला जातो. त्यावर मालक कोण, क्षेत्र किती, पीक कुठलं ते छापलेलं असतं. शेतात खरंच ऊस उभा आहे की गवत, ते बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. रोल शोचं हुबेहूब तसंच. रोल राहतो शेफ सर्व्हरवर, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या मधल्या सर्व्हरवर, कमांड तिथला कागद आणून देते. ज्या मशीनला तो रोल लावलाय तिकडं ती फिरकतही नाही. ‘रोलची पहाणी काढा’ असं लिहा, बेळगावच्या पोराला एका वाक्यात मर्म कळेल.

चंदगड
अहो, हद्दीच्या अलीकडं हेच उलटं होतं. १९५६ साली चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तशा शब्दांच्याही वाटण्या झाल्या म्हणा. आमच्याकडं कागद तो सात-बारा. पाहणी म्हणजे प्रत्यक्ष शेतात जाणं. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, त्यात शेतकरी स्वतःच्या रानात उभा राहून फोटो काढतो. तुमची टिपणं कोल्हापूर-गडहिंग्लजच्या मुलाच्या हातात पडली तर ‘पहाणी काढा’ वाचून तो थेट मशीनवर लॉगिन करून बसेल!

खानापूर
हे मात्र खरं. पण तोंडी मी तरी पहाणीच म्हणणार.

शहापूर, बेळगाव
कागद आणि रान वेगळं, हे रोलपुरतं पटलं. नोडचं, म्हणजे शेफ सांभाळतो त्या मशीनचं, काय करायचं? परवा एकानं एका नोडच्या रन-लिस्टमध्ये मॉनिटरिंगचा रोल घातला आणि लगेच ‘नाइफ नोड शो’ करून बघितलं. ‘रन लिस्ट’ या ओळीत नवा रोल दिसतोय, खालच्या ‘रोल्स’ ओळीत पत्ता नाही. पोरगं म्हणालं, टूलच बिघडलंय. आता ही पहाणी म्हणायची की पाहणी?

निपाणी
टूल ठणठणीत आहे. ‘रन लिस्ट’ची ओळ म्हणजे आपण नेमून दिलेलं काम. ‘रोल्स’ आणि ‘रेसिपीज’ या ओळी म्हणजे शेफ-क्लायंट (मशीनवर बसवलेला शेफचा प्रोग्राम) त्या मशीनवर शेवटचा चालला तेव्हा जाता जाता त्यानं सर्व्हरला कळवलेलं. क्लायंट डीमन म्हणून, म्हणजे मागं सतत, चालत असेल तर दोन फेऱ्यांत मूळ सेटिंग १८०० सेकंदांची, म्हणजे अर्धा तास. फेरी होईपर्यंत दोन ओळी दोन तऱ्हेचं बोलणारच. आयपी, प्लॅटफॉर्म हेही त्याच फेरीतलं, ओहाय हे शेफचं माहिती गोळा करायचं टूल देतं ते. कळवलेलं किती शिळं आहे ते ‘नाइफ स्टेटस’वर दिसतं, कुठला नोड किती वेळापूर्वी बोलला ते.

अ‍ॅट्रिब्यूटचंही हेच. रोलच्या नोंदीत डिफॉल्ट पोर्ट ८० आहे, एन्व्हायर्न्मेंटच्या (चाचणीची, खऱ्या वापराची अशी मशीनची गटवारी) ओव्हरराइडमध्ये ८०८०. रोल शो केलं तर ८० दिसणार, आणि ते खोटंही नाही. त्या नोडवर शेवटी काय ठरलं ते हवं तर नोड शोला डॅश ए लावून तेवढंच अ‍ॅट्रिब्यूट मागायचं, ८०८० येईल. तेही शेवटच्या फेरीतलं, हे विसरायचं नाही. मुलं नेमकी इथं गोंधळतात, आणि त्याला कारण भाषा नाही. एकाच कमांडीच्या उत्तरात नेमलेलं आणि कळवलेलं शेजारी शेजारी छापलेलं असतं आणि वर तसं लिहिलेलं नसतं. तुमच्या टिपणात हे दोन शब्द घाला : ‘नेमलेलं’, ‘कळवलेलं’. बाकी पाहा म्हणा, बघा म्हणा, काही बिघडत नाही.

टिळकवाडी
आम्ही अ‍ॅन्सिबलवाले (शेफसारखंच दुसरं टूल), आमच्याकडं मधे नोंदी ठेवणारा सर्व्हरच नसतो. सगळं फाइलींत. ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी’ला ‘ग्राफ’ लावलं की गटांचं झाड दिसतं, ‘होस्ट’ लावून मशीनचं नाव दिलं की त्या मशीनच्या वाट्याला गटांकडून आणि स्वतःकडून आलेली व्हेरिएबल एकत्र मिळतात. मशीन बंद असलं तरी उत्तर येतं, म्हणजे ही निव्वळ नोंद. एक खोच आहे : रोलच्या डिफॉल्ट फाइलीतली व्हेरिएबल त्यात येत नाहीत. नसली तर ‘नाहीच आहेत’ असं ठरवू नये.

मशीनवर खरंच जाऊन बघायचं ते प्लेबुकला (करायच्या कामांच्या फाइलीला) ‘चेक’ आणि ‘डिफ’ लावून. काही बदलत नाही, पण काय बदललं असतं ते सांगतं. याला मी ‘पडताळणी’ म्हणतो. शेफचं ‘व्हाय-रन’ याच पंगतीतलं.

शहापूर, बेळगाव
झकास. मग असं लिहितो : रोल शो म्हणजे ‘नोंद पाहा’. नोड शो म्हणजे ‘नेमलेलं व कळवलेलं पाहा’. व्हाय-रन म्हणजे ‘पडताळा’. तपासणी कुठंच नाही. नाइफला नाइफच ठेवतोय, नाहीतर कुणीतरी सुरी करेल.

खानापूर
सुरी कशाला? आमच्याकडं भाजी ईळीवर चिरतात.

शहापूर, बेळगाव
एक राहिलंच. ‘नाइफ डिफ’ : आपल्या रिपॉझिटरीतली फाइल आणि सर्व्हरवरची नोंद यांत काय वेगळं आहे ते दाखवतं. याला फेरफार म्हणू काय?

चंदगड
नको. फेरफार घातला की नोंद बदलते. डिफ काही बदलत नाही, नुसती ‘तफावत’ दाखवतं.