डोकं दुखत नसतं त्या दिवशीही रडू येतं. अर्धशिशीच आहे का हे?

उदगीरची_पोर:
एमएस्सीचं दुसरं वर्ष, पुण्यात होस्टेलला. बारावीपासून डोकं उठतं. घरी याला पित्तच म्हणतात. उलटी झाली की उतरायचं, त्यामुळे मलाही ते पटलेलं. मोरावळा झाला, कोकम झालं, रिकाम्या पोटी चहा बंद केला. अर्धशिशी हे नाव इथल्या डॉक्टरांकडून कळलं.

महिन्यातून सात-आठदा. डाव्या डोळ्यामागे ठणका लागतो, आणि रूममेटने मॅगी केली की त्या वासानेच ढवळायला लागतं. ट्यूब बंद करायला सांगावं तर तिचा अभ्यास बुडतो. म्हणून ओढणी डोळ्यांवर आवळून भिंतीकडे तोंड करून पडते.

ते एक वेळ निभतं. पण व्हायवा असो नाहीतर मैत्रिणीचं लग्न, हो म्हणायच्या आधी मनात येतं, त्या दिवशी उठलं तर? दोन महिने झाले, पहाटे तीनपर्यंत झोप नाही. गाइड म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. टेन्शनने डोकं उठतंय की डोक्याने टेन्शन येतंय?

बापू_सातारकर:
डोळे तपासा आधी. आमच्या पुतण्याला चष्मा लागला आणि डोकं गेलं.

उदगीरची_पोर:
काका, चष्मा आहे. नंबर दिवाळीतच तपासला.

अर्धवट_प्रबंध:
दोन्ही खरं आहे. डेट्रॉइट भागात 21 ते 30 वयाच्या हजारएक तरुणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. अर्धशिशीवाल्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता जास्त निघाली, आणि नैराश्यवाल्यांना पुढे अर्धशिशी होण्याचीही. त्यामुळे आधी काय याचा छडा लावत बसू नकोस, दोन्हींवर इलाज घे.

माझं पीएचडीतलं सांगते. चॅप्टर देईपर्यंत डोकं शहाण्यासारखं वागायचं, दिला की शनिवारी सकाळी आडवी. ताण उतरतानाही झटका येतो हे मला फार उशिरा कळलं. सुट्टीतही उठायची वेळ तीच ठेवली, तेव्हा शनिवार जरा सुधारले.

मला आधी फ्लुनारिझिन दिलं होतं. डोकं कमी झालं, पण वजन सहा किलो वाढलं आणि बसमध्ये उगाच डोळे भरून यायचे. या गोळीने काहींचं मन खचतं. आधीपासून नैराश्य असणाऱ्याला ती देत नाहीत. मी उदास होते हे डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगितल्यावर रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन आली, 10 मिलिग्रॅम. केमिस्ट म्हणाला ही डिप्रेशनची, आणि आई हादरली. एवढ्या कमी डोसात ती डोकेदुखीसाठी देतात हे तिला समजावण्यात रविवार गेला.

आणि गोळ्या मोज. साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 दिवस, किंवा कॅफीन वगैरे मिसळलेली 10 दिवस, असं तीन महिने चाललं तर गोळीनेच डोकं दुखायला लागतं. यात मी स्वतः फसले होते.

मेडिकलवाली_वहिनी:
काउंटरला बसते म्हणून सांगते, मैत्रिणीची गोळी उसनी घेऊ नका. प्रोप्रॅनोलॉल अर्धशिशीवर चालते, पण दमा असेल तर अंगावर येते. अचानक कधी नव्हे असं भयंकर दुखलं, तापाबरोबर मान आखडली किंवा हातपाय लुळा पडला, तर थेट कॅज्युअल्टी. आणि रात्री तीनला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 लाव. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

उदगीरची_पोर:
मोजल्या. वहीत काही नव्हतं, मग यूपीआयवरचे मेडिकलचे पैसे बघत बसले. एका महिन्यात 6 स्ट्रिपा, कॅफीनवाल्याच. दिवस धरले तर 17 भरतात. रूममेटला वाटत होतं मी चॉकलेटं आणते.

सोमवारी ओपीडीला जातेय. रडण्याचं आणि झोपेचं चिठ्ठीवर लिहून घेतलंय, कारण समोर बसलं की मी "बाकी ठीक" म्हणून मोकळी होते. चिठ्ठी सरळ हातातच देईन.