लाइट-पाणी धरून ११,५००, पण कूलर फक्त रात्री. घर घेऊ का?

रात्रपाळीवाली:
मी नर्स आहे, मूळची आर्णीची. आतापर्यंत नागपुरात मेडिकल चौकाजवळ होस्टेलवर होती. आता लहान भाऊ एमपीएससीच्या क्लाससाठी येऊन राहिला, म्हणून दोन खोल्या-किचन पाहून राहिली. दोन घरं पाहिली. मनीषनगरचं ९,०००, मीटर वेगळं. त्रिमूर्तीनगरचं ११,५००, लाइट-पाणी सगळं धरून. घरमालक काका-काकू खालीच राहतात. काकूंनी पहिल्याच भेटीत सांबारवडी खाऊ घातली, माझं मन तिथंच बसलं.

पण निघताना म्हणाल्या, "लाइटचं टेन्शन घेऊ नको, फक्त कूलर रात्रीच लावजो." आता माझी महिन्यातून पंधरा दिवस नाइट. सकाळी नऊला येते, आंघोळ करते, झोपते. वर उघडा स्लॅब, खिडकी पश्चिमेला. मेअखेरच्या नवतप्यात दुपारी दोन वाजता तिथं माणूस झोपते का भाजते? कराराचं विचारलं तर "कागद कशाला, तू घरचीच."

भावाचं म्हणणं मनीषनगर. तुम्ही सांगा.

वायरमन भाऊ:
आधी एक पाहा. वरच्या मजल्याला वेगळं मीटर आहे का खालचंच? "सगळं धरून" म्हणतात म्हणजे बहुतेक एकच असेल. खरी गोम तिथं आहे.

तुमचा हिशोब मांडू. कूलर साधारण १८० वॅटचा. दोन खोल्यांत दोन, रोज दहा-दहा तास धरा: ३.६ युनिट, महिन्याचे १०८. फ्रिज तीसेक, पंखे-लाइट-मोबाइल तीसेक. मे महिन्यात १७० च्या आत-बाहेर. वेगळ्या मीटरवर हे ३०० च्या आत बसते. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३००, ५०० आणि त्यावर असे आहेत, जसा टप्पा वर तसा युनिटचा दर वाढतो. आता समजा खाली एसी आहे आणि त्यांचेच ३५० झाले. तर तुमचे १७० थेट महागड्या टप्प्यात, शेवटचे वीस तर ५०० च्याही वर. तेच कूलर, तीच हवा, बिल वेगळं. वरून १६ टक्के वीज शुल्क. काकू रात्रीचं म्हणाल्या ते याच भीतीनं असेल.

नरेंद्रनगरचा घरमालक:
मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. मीही वरचा मजला एकदा "सगळं धरून" चार पोट्ट्यांना दिला होता. मार्चपर्यंत सोन्यासारखे. एप्रिल लागला आणि दोन जम्बो कूलर, वर इंडक्शनची शेगडी. कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरायची, म्हणजे आमची मोटर दोनदा. मी बोललो तर म्हणे, "काका, सगळं धरूनच ठरलं ना!" बरोबरच होतं त्यांचं. मी ठरवताना जानेवारीचं बिल डोळ्यासमोर ठेवलं होतं, जूनचं नाही. तेव्हापासून सबमीटर लावला. काकू वाईट नसतील, त्यांनी उन्हाळा मोजलाच नसेल. मागच्या मे-जूनचं बिल दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर मनीषनगर.

सीताबर्डीकर:
"तू घरचीच" ऐकलं की मी दोन पावलं मागं सरकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी पाहिजे, नोंदणीकृत पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून कागद काकूंच्याच फायद्याचा, हे असंच सांगून पाहा. खर्चही काही नाही: मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का, तुमच्या ११ महिन्यांचे सव्वातीनशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा, घरबसल्या होते. त्यात "वीज धरून" एवढंच नका लिहू. किती युनिटपर्यंत, त्यावर काय, कूलर केव्हा, पाण्याच्या मोटरचं कोण भरणार, सगळं लिहा.

भुकेला:
सांबारवडीवाल्या काकूंकडे अजून एखादी खोली आहे का?

रात्रपाळीवाली:
काल जाऊन आली. मीटर एकच आहे. काकांनी कपाटातून बिलांची थैली काढली. मागच्या मेचे ४१२ युनिट, आणि तेव्हा वरचा मजला रिकामा होता! वायरमन भाऊंचं गणित मी पाठ करूनच गेली होती. काका स्वतःच कागदावर मांडत बसले, ४१२ मध्ये १७० मिळवले आणि चष्मा काढून ठेवला. वरचं दार आणि किचन वेगळं आहे, म्हणून दुसऱ्या मीटरसाठी अर्ज करतो म्हणाले. किराया १०,००० ठरला, पाणी त्यातच, लाइट बिल माझं मी भरीन. मीटर लागेपर्यंत महिन्याचे ५०० वेगळे, आणि कूलर सुरू व्हायच्या आत मीटर लागलं पाहिजे, असं करारात घालायला लावलं. करारालाही तयार झाले, कैदेचं मी हळूच सांगितलं.

आणि कूलर रात्रीच का, तर बिलाचा त्यात काही संबंधच नव्हता. कूलरचं लोखंडी स्टँड बरोबर काकांच्या पलंगाच्या वर येते. आधीचा किरायेदार दुपारी लावायचा तेव्हा छत घरघरायचं आणि काकांची वामकुक्षी जायची. काकू म्हणाल्या, "झोप तुला पण पाहिजे, यांना पण पाहिजे."

भाऊ आता जुना टायर शोधून राहिला, कापून पायांखाली ठेवायला.