मदत हवी आहे: लायकेनवरचे गुलाबी ठिपके, मार्चँडिओमायसिस की इलोस्पोरिऑप्सिस?

मंडळी, इथे कुणाला लायकेनवर जगणाऱ्या बुरशीतलं कळतं का? लायकेन (दगडफूल) नाही हां, लायकेनवरची बुरशी.

एका झाडाच्या खोडावर राखाडी, अरुंद पाकळ्यांचं, सालीला चिकटून वाढणारं लायकेन आहे, फिसिया असावं, आणि त्याच्यावर भडक गुलाबी ठिपके आलेत. एकेक ठिपका मिलिमीटरपेक्षाही लहान पण रंग असा की उभ्या उभ्या दिसतो. आधी वाटलं किड्याची अंडी असतील म्हणून दहापटीच्या भिंगातून बघितलं तर अंडी नाहीत बहुतेक, एकसारखे गुळगुळीत नाहीत, ओबडधोबड आहेत, काही एकमेकांना चिकटलेत आणि टाचणीने ढकलल्यावर एक अख्खा सुटून आला, आतूनही गुलाबीच. काही ठिपक्यांभोवती लायकेन पांढुरकं पडलंय, काहींभोवती मात्र काहीच झालेलं नाही.

मग वाचत बसले आणि डोकं पार चक्रावलं. लायकेन म्हणजे मुळात बुरशी आणि शैवाल यांचा (शैवालाच्या जागी कधी सायनोबॅक्टेरिया) एकत्र संसार, हे माहीत होतं, पण त्या संसारात घुसून बसणाऱ्या तिसऱ्या बुरशा किती असाव्यात, २०१८ च्या जागतिक यादीत फक्त लायकेनवरच जगणाऱ्या अशा जवळपास २००० आहेत! त्यातल्या गुलाबी बघता बघता दोन नावांवर येऊन अडकलेय. एक मार्चँडिओमायसिस कोरॅलिनस आणि दुसरं इलोस्पोरिऑप्सिस क्रिस्टियानसेनाय. फोटोत दोन्ही मला सारखेच दिसतात.

त्यात नावांचा घोळ. कोरॅलिनस आधी इलोस्पोरियम नावाखाली होतं, १९९० मध्ये डीडेरिक आणि हॉक्सवर्थ यांनी त्याच्यासाठी मार्चँडिओमायसिस ही नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जातींचा गट) केली. पुढे ऑरँटियाकस नावाचं नारिंगी भावंडही तिथेच आणलं, मग २००३ मध्ये त्या नारिंगीची बीजाणू देणारी अवस्था सापडली म्हणून त्याला वेगळं घर, मार्चँडिओबॅसिडियम, आणि आता ते एरिथ्रिशियममध्ये लावतात. एकच बुरशी वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या नावांनी, आमच्यासारख्यांनी करायचं काय?

तर विचारायचंय असं की मायक्रोस्कोप नसताना हे दोन वेगळे ओळखता येतात का, आणि ही बुरशी लायकेन मारून टाकते का, म्हणजे खरवडून काढू की राहू दे? नोंद करताना कुठलं नाव लिहू हेही सांगा. फोटो जोडलेत, जवळून काढलेले थोडे हललेत, चालवून घ्या.

प्रतिसाद, भिंगवाला:
खरवडू नका! बाग थोडीच आहे ती. आणि फवारणी वगैरे तर मनातसुद्धा आणू नका, लायकेन स्वतःच अर्धी बुरशी आहे, बुरशीनाशक मारलं की पाहुणा आणि यजमान दोघंही गेले.

दुसरं, आधी यजमान पक्का करा. यातल्या बऱ्याच बुरशा ठराविक लायकेनवरच येतात, त्यामुळे यजमान कळला की यादी झटकन आखडते. ठिपक्यांच्या फोटोबरोबर अख्ख्या लायकेनचा एक आणि खालच्या बाजूचा एक असे फोटो टाका. तुमच्या केसमध्ये मात्र हे पुरेल असं नाही कारण फिसियावर दोन्ही येतात, कोरॅलिनस तर पार्मेलियाच्या गटातल्यांवर, दगडावरच्या लासालियावर, कुठेही हात पाय पसरतो.

प्रतिसाद, सालपट:
तुम्ही दिलेली दोन नावं दिसायला सारखी पण नात्याने अजिबात जवळची नाहीत, म्हणून हा प्रश्न मला आवडला. मार्चँडिओमायसिस बॅसिडिओमायसीट, म्हणजे अळंब्यांच्या बाजूचं. इलोस्पोरिऑप्सिस त्याच्या पार उलट, अ‍ॅस्कोमायसीट, म्हणजे पिशवीसारख्या कोषात बीजाणू करणाऱ्यांतलं, हायपोक्रिएलीस गणातलं. तेही आधी हॉब्सोनिया नावाने फिरत होतं, २००१ मध्ये वेगळं झालं. लायकेनवर राहायचं आणि गुलाबी गोळा करून बसायचं हे दोघांनी आपापलं वेगवेगळं जमवलंय.

नुसत्या भिंगाने मी तरी छातीठोक सांगणार नाही. कोरॅलिनस पोवळ्याच्या रंगाकडे झुकतो आणि इलोस्पोरिऑप्सिस जास्त झगझगीत गुलाबी असतो, पण जुने ठिपके फिके पडतात, शिवाय फोनचा कॅमेरा रंगाची वाट लावतो. खरा फरक आत आहे. एक ठिपका काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वरून कव्हरस्लिप (पातळ काच), पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच दाबा आणि ४०० पटीला बघा. कोरॅलिनसमध्ये फुगीर पेशींचा गच्च गोळा दिसेल, बीजाणू नाहीत, तो गोळा तसाच्या तसा सुटून दुसरीकडे पडतो आणि रुजतो. इलोस्पोरिऑप्सिसमध्ये पेशींच्या माळा गुंडाळी घालून बसलेल्या दिसतील. एकदा बघितलं की विसरणार नाही. कुठल्याही कॉलेजच्या लॅबमधला साधा मायक्रोस्कोप पुरतो.

मारते का, तर कोरॅलिनस खरा रोगकारक आहे, आजूबाजूचं लायकेन पांढरं करतो. पण लायकेनही काही गरीब नाही हो, त्याच्याकडे आम्लांचा साठा असतो आणि बऱ्याच बुरशा त्यामुळे अडतात. त्यावरही तोड निघालेली आहे, नेक्ट्रिया पार्मेलिई नावाची लायकेनवरचीच दुसरी बुरशी लेकॅनोरिक आम्ल मोडून टाकते हे प्रयोगशाळेत दाखवलंय. म्हणजे एकाने कुंपण तोडलं की मागच्यांची सोय. तुमच्या खोडावर नीट शोधा, गुलाबीच्या शेजारी आणखी कुणी बसलेलं असायची शक्यता आहे.

प्रतिसाद, उगाच_एक:
लायकेनवरची प्रजाती म्हणता, मग मार्चँडिओमायसिस लिग्निकोला लाकडावर कसं?

प्रतिसाद, सालपट:
बरोबर पकडलंत. २००५ मध्ये ते वर्णन केलं तेव्हा डीएनएवरून हेच निघालं की लायकेनवर राहणाऱ्यांतूनच लाकडावर राहणारे आले, आणि तेही एकदाच नाही. सहसा आपण धरून चालतो की परजीवी झालं की परतीचा रस्ता बंद, इथे तसं दिसत नाही. म्हणून "लायकेनवरचं परजीवी" हे प्रजातीचं लक्षण म्हणून लिहू नका, त्या त्या जातीपुरतं लिहा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! ओळखीतल्या एकीच्या लॅबमध्ये काच करून बघितली. दाबल्यावर गोळा फुटला आणि आत रंगहीन माळा, गच्च गुंडाळलेल्या, अगदी सालपट म्हणाले तशाच. म्हणजे इलोस्पोरिऑप्सिस ना? फोटो टाकतेय, यावेळी हललेला नाही. आणि हो, शोधल्यावर त्याच खोडावर थोडं वर नारिंगी ठिपकेही दिसले, ते आधी मी लायकेनचाच भाग समजून सोडून दिले होते, काय असतील?

प्रतिसाद, सालपट:
फोटो बघितला, हो, इलोस्पोरिऑप्सिस क्रिस्टियानसेनाय, निःशंक लिहा. नारिंगी म्हणजे एरिथ्रिशियम ऑरँटियाकम (तुम्ही वर लिहिलेलं नारिंगी भावंड) असू शकतं, ते दोघं एकाच खोडावर बऱ्याचदा भेटतात, पण त्याचीही काच करा, रंगावरून नको. नोंदीत आत्ताचं नाव लिहा आणि बाजूला जुनं नाव, यजमान आणि सालीवर की दगडावर एवढं टाका, उद्या नाव परत बदललं तरी नोंद वाया जात नाही. नमुना ठेवायचा असेल तर छोटा तुकडा पुरे, हवेवर वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमट राहिला तर त्याच्यावर साधी बुरशी चढते आणि मग तिचीही ओळख विचारायला तुम्ही इथे याल :)